बातमीखालची मोकळी जागा

अशी कल्पना करा, बाळांनो, की तुम्ही एका लांबट खोलीत खिडकीकडे पाठ करून बसला आहात. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? समोर पडदा आहे. पडद्यावर माणसांची वाक्यं खालून वर सरकत येताहेत, मुंग्यांसारखी, एकीमागे एक, आणि रांग काही संपत नाही. तुमचं काम सोपं आहे. वाक्य वाचायचं आणि ठरवायचं, ठेवायचं की उडवायचं. ठेवायचं असेल तर मधलं बोट दाबायचं, उडवायचं असेल तर अंगठ्याशेजारचं. ज्यांची ही वाक्यं आहेत ती माणसं तुम्हाला दिसत नाहीत, त्यांचा आवाज कानावर येत नाही. खोलीत फक्त बोटांची टकटक. सकाळ, दुपार, पावसाळा, उन्हाळा, टकटक. आता स्वतःच्या अंगठ्याशेजारच्या बोटाकडे बघा आणि अशी कल्पना करा की ते तुम्हाला न विचारता हलायला लागलंय. एवढं जमलं की या गोष्टीतली बाई तुम्हाला कळली म्हणून समजा.

ती एका वर्तमानपत्रात कामाला होती, कागदावरच्या नव्हे, वेबसाइटवरच्या. तिथे प्रत्येक बातमीखाली एक रिकामी चौकट असे आणि कुणीही, हवं ते टोपणनाव घेऊन, त्या चौकटीत आपलं मत लिहू शके. लिहिलेलं आधी तिच्याकडे येई. घाण असेल ते ती काढी आणि उरलेलं पुढे सोडी, म्हणून कचेरीत तिला सगळे गाळणी म्हणत. तिला त्या नावाचा राग नव्हता. गाळणीवाचून चहा होतो का, असं ती म्हणे. त्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती आणि तिची मुलगी दुधाचा पेला दोन्ही हातांत धरून काहीतरी सांगत होती. मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. "आई, आमच्या वर्गात भित्तिपत्रक आहे ना, त्यात ना, त्या चित्राखाली ना, कुणीतरी ना..." भिंगरीचं बोलणं असंच, प्रत्येक पायरीवर क्षणभर टेकत चालणारं. आईने 'कुणीतरी' इथपर्यंत ऐकलं. पुढे काय असणार ते तिला ठाऊक होतं. चित्राखाली कुणीतरी काय लिहितं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि टेबलावर पसरलेल्या तिच्या उजव्या हाताचं ते बोट आपोआप उचललं गेलं आणि लाकडावर टक्कन आपटलं.

भिंगरी थांबली. सुट्टीच्या दिवसांत आईच्या खांद्यामागे उभी राहून तिने ते बोट पुष्कळदा पाहिलं होतं.

"मला उडवलंस?"

"छे गं, वेडी आहेस का? बोल ना."

"नको."

"अगं, सांग की. काय झालं चित्राचं?"

"उडवलेलं परत येत नाही. तूच सांगतेस ना." भिंगरीने पेला खाली ठेवला. दूध अर्धं तसंच होतं.

"सकाळी सकाळी कसली उडवाउडवी चाललीय मायलेकींची?" बाबा आतून म्हणाले. "आणि माझा दुसरा मोजा कुणी उडवला?" एरवी यावर भिंगरी खिदळली असती. आज तिने दप्तर उचललं, दारातून "येते" म्हणाली, तेही बाबांकडे बघून, आणि जिना उतरून गेली. एकेक पायरी, संथपणे. भिंगरी जिना संथपणे उतरली असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

कचेरीच्या वाटेवर गाळणी तो हात कोटाच्या खिशात घालून चालत होती, कुणाची तरी उसनी आणलेली वस्तू सांभाळावी तसा. डोक्यात एकच घोळत होतं, पोरीला काहीतरी लागलंय, ती ते घेऊन माझ्याकडे आली आणि मी दार लावलं. आता ती पुन्हा येईल का? मुलं एकदा येतात, दोनदा येतात, मग दुसरीकडे जातात, किंवा कुठेच जात नाहीत, आणि हे दुसरं जास्त वाईट. तिला स्वतःचा बचावही सुचत होता. मुद्दाम नाही केलं, सवय आहे, हाताला वळण लागलंय. पण मग हेही आठवलं की गेल्या कितीतरी दिवसांत नवरा बोलत असताना, शेजारीण बोलत असताना, अगदी फोनवर आई तब्येतीचं सांगत असताना, तिच्या मनात दोनच शब्द वाजत होते. ठेवा. उडवा. ठेवा. उडवा. माणूस बोलायला लागला की ती त्याच्याकडे बघायच्या आधी त्याचा निकाल लावून मोकळी. चौकातल्या दिव्यापाशी एक म्हातारा अनोळखी गृहस्थ तिला म्हणाला, "आज वारा आहे, नाही?" आणि तिच्या मनाने झटकन शेरा मारला, निरुपद्रवी, ठेवा. ती तिथेच शरमून उभी राहिली. दिवा हिरवा होऊन परत लाल झाला.

आणि हीच ती बाई, जी दर वेळी त्या चौकटीच्या बाजूने भांडली होती. कचेरीत वर्षातून एकदा तरी विषय निघे, बंद करून टाकू या का प्रतिक्रिया? प्रत्येक वेळी गाळणी उठून म्हणे, नाही, लोकांचं तोंड बंद करणारे आपण कोण? असं म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे एक पूल असे. पार सुरुवातीच्या दिवसांत एक बातमी आली होती की नदीवरचा जुना लोखंडी पूल वारा सुटला की गुणगुणतो आणि लोकांना भीती वाटते. बातमीखाली एका माणसाने लिहिलं, हा पूल जोडणाऱ्यांत मी होतो, तो गुणगुणतो कारण त्याचे गज ताणलेले आहेत, ज्या दिवशी गप्प होईल त्या दिवशी घाबरा. त्याखाली एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, मी काल मुद्दाम जाऊन ऐकलं, सूर थोडा उतरलेला लागतोय. त्यावर पूल जोडणारा म्हणाला, थंडी पडू द्या, चढेल. मग एका मुलाने विचारलं, पुलाला थंडी वाजते का? आणि सगळे मिळून त्या मुलाला समजावत बसले. एकमेकांना कधी न पाहिलेली ती माणसं अशी बोलत होती, जणू एकाच बाकावर बसलीयत. कचेरीतले लोक हातातली कामं टाकून तिच्या पडद्याभोवती जमले. संपादक म्हणाले होते, "गाळणीबाई, याचसाठी उघडली ही चौकट." त्या एका दुपारवर तिने पुढची सगळी वर्षं काढली होती.

दूध नासतं ते काही घंटा वाजवून नासत नाही. वाचणारे वाढले, लिहिणारे मूठभरच राहिले, आणि त्या मूठभरांतही तेच ते, पहाटेपासून हजर, कोणत्याही बातमीखाली तीच भांडणं घेऊन बसलेले. उथळ पाण्याला खळखळाट फार. मधूनच वजन उतरवण्याच्या गोळ्या विकणारे घुसायचे. तो पूल जोडणारा नंतर एकदा आला, काहीतरी समजावून सांगायला. कुणीतरी त्याच्या वयाची टिंगल केली. घाईत तिच्या हातून ती सुटली. लक्षात येताच तिने ती उडवली, पण तोवर त्याने ती वाचलेली असावी, कारण तो पुन्हा कधी लिहिताना दिसला नाही. तिने कित्येक दिवस त्याची वाट पाहिली होती. धाकटी वार्ताहर, जी कचेरीत सगळ्यांत धीट, तिने बातमीवर स्वतःचं नाव घालणं सोडलं आणि मग हळूहळू ज्यावर कुणी ओरडणार नाही अशाच बातम्या आणायला लागली. आणि परवाच जिन्यात शेजारीण म्हणाली होती, "तुमच्याच पेपरात आलं होतं ना, धरणाचं पाणी सोडणारेत म्हणून?" आलं नव्हतं. बातमी अगदी उलट होती. शेजारणीने बातमीखालची आरडाओरड वाचली होती, आणि दोन्ही एकाच पानावर म्हणजे दोन्ही खरं. बातमी लिहायला वार्ताहराने चार ठिकाणी पायपीट केली होती. खालचं लिहिणाऱ्याने बसल्या जागची मांडीसुद्धा हलवली नव्हती. त्या क्षणी गाळणीला काहीतरी टोचलं होतं आणि तिने ते मनातल्या मनात उडवलं होतं.

कचेरीत पोचली तर बैठकीच्या खोलीत सगळे आधीच बसलेले. विषय तोच. संपादक, जाहिरातींचं बघणारे गृहस्थ, वेबसाइट चालवणारी संगणकवाली आणि कोपऱ्यात धाकटी वार्ताहर. जाहिरातवाले माणूस म्हणून चांगले होते, पोटात एक ओठांत एक असं त्यांचं नसे. ते म्हणाले, "साहेब, लोक भांडायला का होईना, परत परत येतात. चौकट काढली तर येतील कशाला? आणि मी रोज बघतो, एवढं काही वाईट नसतं हो. थोडी खेचाखेची, थोडी गंमत. घरात भांडणं होत नाहीत का?"

"तुमचं घर आम्ही ओळखतो," संगणकवाली म्हणाली. "तिथे तुम्हाला बोलायची संधीच मिळत नाही." सगळे हसले, जाहिरातवाले सगळ्यांत मोठ्याने.

संपादक गाळणीकडे वळले. "बोला. तुमचं भाषण आम्हाला पाठ आहे, तरी बोला."

ती उठली. पूल डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. आला नाही. त्याजागी अर्धं दूध राहिलेला पेला आला. आणि कानात जाहिरातवाल्यांचं वाक्य घोळत राहिलं, मी रोज बघतो, एवढं काही वाईट नसतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं दिसत होतं, कारण त्यांना दिसायचं ते तिने गाळून झाल्यावरचं. ती जितकी मन लावून काम करी तितकी चौकट निर्मळ दिसे, आणि जितकी निर्मळ दिसे तितकं सगळ्यांना वाटे, चालू द्या की, काय बिघडतंय! वर्षानुवर्षं ती गढूळ पाणी गाळून या खोलीत आणत होती आणि पेले भरभरून पिणारी ही माणसं म्हणत होती, विहीर छान आहे. गाळ जात कुठे होता? तो कुठेच जात नव्हता. तो गाळणीत राहत होता. तिला वाटायचं आपण सगळ्यांचं रक्षण करतोय. धाकटीला ती दहादा म्हणाली होती, तू वाचू नकोस गं, मी आहे ना. आणि त्या 'मी आहे ना'नेच चौकट इतकी वर्षं उघडी राहिली होती.

"आज मी भाषण करणार नाही," ती म्हणाली. "आज मी वाचून दाखवते. काल त्या पोहण्याच्या शर्यतीची बातमी होती ना? पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो होता."

"होय की," जाहिरातवाले म्हणाले. "गोड पोरगी. आणि खाली सगळ्यांनी कौतुकच केलंय, मी स्वतः पाहिलं."

"ते मी ठेवलेलं होतं. आता जे ठेवलं नाही ते ऐका."

त्या कचेरीत एक गोष्ट कधीच घडली नव्हती, हे तिच्याही तेव्हाच ध्यानात आलं. एवढ्या वर्षांत एकही प्रतिक्रिया तिथे कुणी मोठ्याने वाचली नव्हती. सगळं डोळ्यांनी, सगळं बोटांनी. तिने पडदा स्वतःकडे वळवला, उडवलेलं जिथे साठून राही ती यादी उघडली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य त्या मुलीच्या दातांबद्दल होतं. ते वाचताना तिचा आवाज सरळ होता. दुसरं वाक्य मुलीच्या आईबद्दल होतं, आणि ते स्वतःच्या तोंडातून, स्वतःच्या आवाजात बाहेर पडताना तिला वाटलं की आपण कुणाला तरी थप्पड मारतोय, समोर उभं करून. डोळ्यांनी हे तिने रोज गिळलं होतं आणि काही वाटलं नव्हतं. जिभेला मात्र कळत होतं. तिसरं वाक्य आलं. ती थांबली. थांबायचं नाही असं ठरवून तिने ओठ उघडले, पण शब्द टाळूला चिकटून बसला. खोलीत कुणीतरी खुर्ची हलवली. वाचायचं म्हणून तिने पुन्हा मान खाली घातली.

"बस," जाहिरातवाले म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, का ते त्यांनाही कळलेलं दिसत नव्हतं. "बस, ताई. नका वाचू. माझी मुलगी त्याच वयाची आहे."

"माझीही," ती म्हणाली. आणि मग तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली, लांबण न लावता. "तोंड कुणाचं बंद करायचं नाही, हे मी अजून म्हणते. पण ही चौकट उघडी आहे म्हणून कितीजणांची तोंडं बंद झालीत ते बघा. पूल जोडणारा गेला. गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्या. ही आपली धाकटी, हिने नाव घालणं सोडलं. मोकळं दार ठेवायचं तर दारात कुणीतरी उभं राहायला हवं, येणाऱ्याला या म्हणायला, बसा म्हणायला. आपण दार उघडं टाकून झोपलो आणि सकाळी येऊन केर काढला. बंद करा. आज करा. ज्यांना काही सांगायचंय ते सांगतील आपल्याला, नाव सांगून, आणि चांगलं असेल ते आपण बातमीसारखं छापू. आणि कधी उघडलीच चौकट, तर एकाच बातमीखाली उघडा, आणि ज्याने बातमी लिहिली तो तिथे बसून राहील तेवढाच वेळ."

"मग तुम्ही काय करणार?" संपादकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती. "तुमचं कामच ते."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं! स्वतः बसली होती त्याच फांदीवर ती कुऱ्हाड चालवत होती, आणि गंमत म्हणजे तिला हलकं वाटत होतं, हसू फुटत होतं. "बघू," ती म्हणाली. "बातम्या लिहीन. ऐकायला तरी नक्की शिकेन." कोपऱ्यातून धाकटी म्हणाली, "माझ्याबरोबर चला, ताई. धरणावर जायचंय मला. नावासकट." संपादकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि टेबलावर तळहात ठेवला. ठरलं, असं त्यांचं ठरवणं असे.

बटण संगणकवालीने दाबायचं होतं, पण तिने खुर्ची मागे सरकवली. "तुम्हीच या. मान तुमचा." गाळणीने दाबलं. पोहणाऱ्या मुलीची बातमी पडद्यावर होती. बातमी संपत होती आणि त्यानंतर काही नव्हतं. नुसता पांढरा, स्वच्छ पडदा, खालपर्यंत. मुलगी हसत होती, तिचे पुढे आलेले दात दिसत होते, आणि तिच्या हसण्याखाली कुणी बसलेलं नव्हतं. कचेरीतलं कुणीतरी टाळी वाजवायला लागलं, मग सगळेच. जाहिरातवाल्यांनी तर शिट्टी वाजवली आणि ती आपणच वाजवली हे कळून चपापले. अर्ध्या तासात फोन सुरू झाले. सगळ्यांत जास्त लिहिणारा, 'वादळ' असं टोपणनाव घेणारा, त्याचाही आला. त्याचा फोन गाळणीनेच घेतला, आता आरडाओरड होणार असं धरून. पण पलीकडचा आवाज बारीक होता, घसा बसलेला. "हे काय केलंत, ताई? तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला हा." "तुम्हाला काय सांगायचं होतं, ते सांगा ना," ती म्हणाली, "मी ऐकतेय." तो आधी नुसताच खोकला. मग म्हणाला, "तसं... विशेष काही नाही. आमच्या गल्लीतले दिवे गेलेत." "कोणत्या गल्लीतले?" तिने विचारलं. आणि त्याने गल्ली सांगितली, घर सांगितलं, शेवटी स्वतःचं खरं नावही सांगितलं. धाकटीने ती बातमी त्याच दुपारी लिहायला घेतली.

गाळणी घरी लवकर गेली. भिंगरी खिडकीशी बसून बुटाची नाडी सोडवत होती. आई तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"सकाळचं सांगशील?"

"सगळं?"

"सगळं."

"मध्ये बोलायचं नाही. आणि 'मला माहितीये' असं तोंडही करायचं नाही."

"कबूल."

भिंगरीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, दुकानदार नोट उजेडात धरून बघतो तसं. मग सांगायला लागली. वर्गाच्या भित्तिपत्रकाची संपादक तीच होती. चित्रांखाली तिने एक कोरी पट्टी लावली होती, तुम्हाला काय वाटतं ते लिहा म्हणून, आणि पट्टीशेजारी खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल टांगली होती. एक मुलगा वर्गात कुणाशी फारसा बोलत नाही, बोलताना अडखळतो, त्याने घोडा काढला होता, सहा पायांचा. आणि पट्टीवर कुणीतरी लिहिलं, जसा बोलतो तसंच काढतो. आता तो मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसलाय. बाई म्हणाल्या, उद्या पट्टी काढून टाक. "पण पट्टी माझी कल्पना होती, आई." आईच्या मनात निकाल येत होते, एकामागून एक, आणि ती त्यांना येऊ देत होती, जाऊ देत होती, बाहेरून जाणाऱ्या गाड्यांसारखे. तिला मुलीचा आवाज ऐकू येत होता. त्यात किती बारीक बारीक चढउतार होते! नाकातून श्वास घेऊन भिंगरी पुढच्या वाक्याची तयारी करते, हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

"तुझ्या कचेरीत असं झालं तर तू काय करतेस?"

"आज आम्ही चौकटच बंद केली."

"सगळी?"

"सगळी. फार मोठी झाली होती गं. दारात कुणी उभंच राहू शकत नव्हतं."

भिंगरीने नाडीची गाठ एकदाची सोडवली. "आमची पट्टी एवढीशीच आहे," ती म्हणाली, आणि आईच्या मांडीवर पाय टाकून उताणी पडली. त्या वजनाने आईच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती भिंगरीला शाळेत सोडायला गेली आणि वर्गाच्या दाराबाहेर थांबली. आत बाई फळा पुसत होत्या. भिंगरीने ते वाईट वाक्य रबराने खोडलं, पट्टी मात्र काढली नाही. मग खिळ्याची पेन्सिल सोडली, दोऱ्याचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दातांनी गाठ आवळली आणि एक स्टूल ओढून पट्टीशेजारी बसली. थोड्या वेळाने एक थोराड मुलगा हसत हसत आला, मागे वळून दोस्तांना डोळा मारून त्याने पेन्सिल धरली. तिच्याबरोबर भिंगरीचा हातही वर आला.

"तू अशीच बसणार?"

"हो."

"मी लिहीत असताना?"

"लिही ना. मी कुठे नको म्हणतेय?"

तो पट्टीकडे बघत राहिला. हसू हळूहळू उतरलं. कानामागे खाजवून त्याने घोड्याकडे पाहिलं, खरंच पाहिलं, बहुधा पहिल्यांदा. "सहा पाय कशाला पण?" तो म्हणाला.

"मला काय माहीत?" असं म्हणून भिंगरी स्टुलावरून उडी मारून उतरली आणि पेन्सिल धरलेल्या त्या मुलाला तसंच दोऱ्याने ओढत, बाकांमधून वाट काढत, मागच्या बाकाकडे घेऊन गेली, घोडा काढणाऱ्यालाच विचारायला.